मांडव खाली करा

फराशखान्यात हुकूम एका शब्दाचा असायचा. ताण. सैल. उचल. खाली. त्याच्यापुढे बोलायचं नाही. शामियान्याच्या चारी बाजूंना माणसं दोर धरून उभी असतात, मधे कनातीचा पडदा असतो, एकाला दुसरा दिसत नाही. सगळं काम कानावर. हे मला वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. संस्थानचे तंबू, कनाती, जाजमं ज्या खात्यात असत तो फराशखाना, आणि आम्ही तिथले फरास. शाळा मी चौथीपर्यंत केली. म्हणजे चौथीत बसलो, पास झालो असं नाही.

माझी बायको गेली त्याला आता आठ महिने होतील. तेराव्याला आलेल्या बायका म्हणत होत्या, फार गरीब हो, कधी चारचौघांत तोंड उघडून बोलली नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. बोलली होती. एकदा बोलली होती, आणि मी त्या दिवशी जो हबकलो तो अजून तसाच आहे. ते कोणाला माहीत नाही, ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले, म्हणून लिहून ठेवतो.

इंदूर संस्थान गेलं आणि मध्यभारत राज्य आलं तेव्हा तंबू तेच राहिले, गोदाम तेच राहिलं, नुसती वरची पाटी बदलली. आमच्यातले निम्मे घरी बसले. मला ठेवलं आणि जमादार केलं. हाताखाली आठ माणसं. त्यातली पाच रोजंदारीची, आसपासच्या गावांतली, घरी मालवी बोलणारी. हुकूम मात्र आमचे जुनेच, मराठी. ते त्यांनी पंधरा दिवसांत पाठ केले, अर्थ विचारला नाही. दोराला अर्थ लागत नाही.

त्यांच्यात एक इंदूरजवळच्या हातोद गावचा होता. आम्ही त्याला हातोदवालाच म्हणायचो. मोठ्या हाडाचा, एका कानात मुरकी, मेख ठोकायला बसला की चौथा घाव लागायचा नाही. सर्वांत अवघड दोर वाऱ्याच्या बाजूचा, तो त्याच्याकडे असायचा. तीन वर्षं रोजंदारीवर होता. गोदामाच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं की यंदाच्या रामनवमीचं काम चांगलं झालं, उत्सवाच्या कमेटीनं तशी चिठ्ठी दिली, की तुला पक्का करतो. त्याची बायको गावी. कच्च्या नोकरीवर शहरात यायला ती तयार नव्हती. तो रोज कोणाला ना कोणाला विचारायचा, "चिट्ठी मराठी में लिखेंगे के हिंदी में?" आम्ही म्हणायचो, "भिया, तुला कुठली वाचता येते?" तो हसायचा. त्याला दोन्ही येत नव्हत्या.

आपल्या मराठी लोकांचा रामनवमीचा उत्सव तेव्हा फार मोठा होत असे. पाडव्यापासून कीर्तनं, नवमीला दुपारी बाराला जन्म, मग हनुमान जयंतीला समाप्ती. लोक राऊहून, देवासहून येत. लोकांना कीर्तन आठवतं, पाळणा आठवतो. त्याच्याआधीचं काय आठवणार. पाडव्याच्या चार दिवस आधी आम्ही देवळाच्या आवारात दोरी आणि चुन्याची पुडी घेऊन फिरत असू. आवार उताराचं होतं, मधला खांब दोन बोटं जरी इकडेतिकडे झाला तरी सगळं कापड एका अंगाला झुकायचं. कीर्तनकारबुवांच्या डोळ्यांवर ऊन यायला नको, बायकांच्या बाजूला झळ यायला नको, पाण्याचे रांजण सावलीत पाहिजेत पण चिखल जाजमावर यायला नको. पाळण्याची दोरी कोणी बांधायची ह्यावर दोन म्हाताऱ्या दर वर्षी भांडायच्या, त्या भांडल्या नाहीत तर आम्हाला काळजी वाटायची की एखादी आजारी आहे की काय.

कापड उंदरांनी खाल्लेलं असे. ते शिवायला माझी बायको यायची, गोदामाच्या ओट्यावर पाय पसरून बसायची, सुतळीची सुई घेऊन. त्यामुळे तिला सगळे हुकूम माहीत झाले होते. मी घरी ताटावर बसून उगाच बोलत राहिलो तर म्हणायची, "उचल." सोयरे आले आणि मी फुशारकी मारायला लागलो की हळूच, मलाच ऐकू जाईल असं, "सैल." बोलायची ती एवढंच.

आता एक गोष्ट नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शामियान्यात वारा भरला की तो फुगतो, खांब उचलतो आणि मग कुठे टाकेल त्याचा नेम नाही. त्याला एकच उपाय. आधी माणसं बाहेर काढायची, मग कापड उतरवायचं. संस्थानच्या वेळी माणसं बाहेर काढायचं काम चोबदारांचं होतं. फरास पाहुण्यांशी बोलत नसे. त्याचं बोलणं दोरवाल्यांशी. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणाला मांडवातल्या माणसांना उठा म्हणायची वेळ आलेली नव्हती. मध्यभारतात चोबदार कुठून येणार.

त्या वर्षी नवमीला दुपारी बाराला पाच-सात मिनिटं होती. बायका पाळण्यापाशी दाटून बसलेल्या, तीन-चारशे तरी असतील. माझी बायको मधल्या खांबाजवळ सुंठवड्याची परात घेऊन उभी, जन्म झाला की वाटायला. मी फाटकात होतो. समोरच्या मैदानातून वावटळ निघालेली मला दिसली. पाचोळा, धूळ, कोणाचा तरी टॉवेल, सगळं फिरत सरळ आमच्याकडे. कमेटीचे वकीलसाहेब माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "जमादार, बायकांना आधी बाहेर काढा."

मी आत धावलो आणि छातीच्या जोरानं ओरडलो, "मांडव खाली करा. खाली करा. खाली."

पुण्याकडचा माणूस इथे म्हणेल, रिकामा करा म्हणायचं. आमच्या तोंडात रिकामा येत नाही. इंदुरात घर खाली होतं, मोटर खाली होते, डबा खाली होतो. बायकांना समजलं. पुढच्या उठायलाही लागल्या. पण कनातीच्या मागे आठ माणसं दोर धरून उभी होती. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. त्यांना त्यांच्या जमादाराचा आवाज आला. खाली.

त्यांनी दोर सोडले.

आवाज काही झाला नाही, हे मला विचित्र वाटलं होतं. एवढं मोठं कापड, आणि पांघरूण टाकल्यासारखं खाली आलं. उजेड गेला. एक क्षण सगळं गप्प, मग कापडाखालून बायकांचा कल्लोळ. बुवांचा चिपळ्या धरलेला हात तेवढा एका फाटीतून बाहेर आला होता. आम्ही कापड कापलं. मी स्वतः सुरीनं ते उभं फाडत गेलो, बायकोनंच घातलेले टाके तोडत. मेलं कोणी नाही. खरचटलं पुष्कळांना. एक म्हातारी बेशुद्ध झाली, तिला पाणी मारल्यावर तिनं आधी विचारलं, जन्म झाला का. मधला खांब आडवा झाला होता आणि त्याच्याखाली माझ्या बायकोचा डावा हात होता. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. परात तिनं उजव्या हातानं धरून ठेवली होती. मी खांब उचलला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ओरडली नाही की रडली नाही. मला वाटलं धक्क्यानं असेल.

दुसऱ्या दिवशी चार वाजता देवळाच्या पडवीत कमेटी बसली. ते आठ जण आणि मी उभे. वकीलसाहेबांनी विचारलं, "वाऱ्याच्या बाजूचा दोर कोणाकडे होता?"

हातोदवाला पुढे झाला. "म्हारे कने, साब."

"कोणाला विचारून सोडलास?"

"हुकम हुयो, साब."

"कोणाचा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं. कामावर बघायचा तसं. मी जाजमाकडे बघितलं.

वकीलसाहेब मला म्हणाले, "जमादार, तुम्ही दोर सोडायला सांगितलंत?"

मी म्हणालो, "नाही. मी बायकांना बाहेर काढत होतो. तुमच्यासमोरच तर आत गेलो."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि माझ्या तोंडातून ते इतकं सहज आलं की मीच दचकलो. कोणी म्हणालं, "गावाकडचे लोक, वारा बघून घाबरला असेल." कोणी म्हणालं, "बायकांचा जीव गेला असता." बाकीचे सात गप्प होते. वाऱ्याच्या बाजूचा दोर सुटल्यावर बाकीचे धरून उपयोग नसतो, म्हणून सगळं त्याच्यावर आलं. ठरलं की ह्या माणसाला उत्सवाच्या कामावर परत घ्यायचं नाही आणि गोदामाला तसं लिहायचं. म्हणजे पक्कं होणं संपलं, रोजंदारीही संपली. त्याला हिंदीत समजावून सांगितलं. तो म्हणाला, "जी." पागोटं घेतलं आणि हातोदला निघून गेला.

घरी आलो. तिचा हात बांबूच्या पट्ट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. म्हणाली, "काय झालं बैठकीत?"

मी म्हणालो, "हातोदवाल्याला काढला."

"का?"

"दोर त्यानं सोडला ना."

ती म्हणाली, "बरं." आणि एका हातानं कणीक मळायला बसली. मला वाटलं, विषय संपला.

हनुमान जयंतीला समाप्ती. त्या दिवशी पडद्यामागे राबलेल्यांना कमेटी नारळ देत असे. स्वयंपाकवाले, पाणीवाले, फुलवाला, फरास. दोन्ही बाजू भरून लोक बसलेले. माझ्या पुढे पाणीवाला होता, तो मागे वळून म्हणाला, "तुमच्या हातोदवाल्याला आधीच मिळाला नारळ, भिया." दोघं-तिघं हसले. मीही हसलो. हे लिहायला लाज वाटते, पण हसलो.

माझं नाव पुकारलं. मी गेलो, नारळ हातात घेतला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "वकीलसाहेब, एक विचारायचं होतं."

मला आवाज ओळखू आला नाही. माझा संसार सात वर्षांचाच होता, तरी एवढं तर ओळखू यायला पाहिजे. पण त्या जागेवरून तो आवाज येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बघतो तर ती उभी. गळ्यात हात बांधलेला, पदर नीट घेतलेला.

वकीलसाहेब म्हणाले, "बोला बाई."

"खाली कोणी म्हटलं, ते विचारलंत का तुम्ही?"

"विचारलं. तो म्हणतो हुकूम झाला."

"झाला. मी ऐकला. ह्यांचा होता."

पाळण्याच्या भांडणातली एक म्हातारी तिचा पदर ओढून म्हणाली, "बस गं. नवऱ्याचं असं बोलतात का कुठे?"

ती बसली नाही. म्हणाली, "मी खोटं नाही सांगत. रोज मला हाक मारतात, तो आवाज मी ओळखणार नाही? दोर सोडा असं नाही म्हणाले ते. मांडव खाली करा म्हणाले, बायकांना. पण दोरवाल्यांनी काय समजायचं? कनातीच्या मागे आमचे चेहरे दिसतात का? खाली म्हटलं की सोडायचं, हेच त्यांना शिकवलंय. मी कापड शिवायला बसते, मला माहीत आहे. त्या माणसानं हुकूम ऐकला. त्याचं काय चुकलं?"

एवढं बोलून तिचा श्वास लागला. लग्न झाल्यापासून ती एका दमात एवढं माझ्याशीसुद्धा बोलली नव्हती.

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "जमादार?"

माझ्या हातात नारळ होता. त्याचं काय करावं ते समजेना. मी तो परत ताटात ठेवला आणि म्हणालो, "हो. मीच म्हणालो. तेच म्हणालो."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दोराचं विचारलंत. दोराचं मी नव्हतो म्हणालो."

कोणीतरी मागून हिंदीत म्हणालं, "वकील तो इनको होना था." ह्यावर कोणी हसलं नाही.

वकीलसाहेबांनी तिथेच कागद मागवला आणि चिठ्ठी लिहिली. हातोदवाल्याचा दोष नाही, काम चांगलं, पक्का करायला हरकत नाही. माझ्याकडे दिली. म्हणाले, "तुम्हीच नेऊन द्या." माझ्याबद्दल गोदामाला काय लिहायचं ते मग लिहिलं, माझी जमादारी गेली, ती जायचीच होती.

घरी जाताना मी पुढे, ती मागे. अर्ध्या वाटेत मी थांबलो. राग होता, खोटं कशाला बोलू. म्हणालो, "मला घरी सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "घरी सांगितलं असतं तर तुम्ही मला समजावलं असतं."

"मग?"

"मग मी समजले असते."

आणि ती चालायला लागली. मी तिथेच उभा. मागून एक टांगेवाला ओरडत होता की बाजू दे, ते मला उशिरा ऐकू आलं. आज इतकी वर्षं मी ते वाक्य उलटून पालटून बघतो. भांडली असती तर मी तिला गप्प केलं असतं. ती जिंकणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती घरात लढलीच नाही. सात वर्षांत तिनं मला एवढं वाचलं होतं आणि मला तिचं एक पान येत नव्हतं. त्यानंतर मरेपर्यंत तिनं ह्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. हात थोडा वाकडाच जुळला. पाऊस यायच्या आधी दुखायचा, मी तेल लावायचो, ती म्हणायची, "हळू." बस.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन हातोदला गेलो. पुढे चिठ्ठीचं व्हायचं ते झालं, महिन्याभरात तो पक्का झाला, त्याची बायको इंदूरला आली. मला सांगायचं ते चिठ्ठी देतानाचं आहे.

तो खळ्यात गहू उफणत होता. मला बघून त्यानं सूप खाली ठेवलं आणि माझ्यासाठी खाट ओढली. पाणी आणलं. मला तो शिव्या देईल अशी तयारी करून मी आलो होतो, शिव्यांना काय उत्तर द्यायचं ते वाटेत जुळवलं होतं. त्याला मी कसा आहेस म्हणून विचारलं. त्यानं मान पुढे केली आणि एक कान माझ्याकडे केला, बहिरी माणसं करतात तसा. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, तेलात भिजवलेले. तेल मानेवर ओघळलं होतं.

मी म्हणालो, "हे काय?"

तो म्हणाला, "कान खराब हुई गया, जमादारजी. वैदजी तेल डाले है."

"कधीपासून?"

"उनी ज दन से." त्याच दिवसापासून. मग तो खाली मान घालून, चूक कबूल केल्यासारखा बोलला. त्याचं मालवी मी आपल्या शब्दांत सांगतो. म्हणाला, मला तुमचा आवाज आला होता, शंभर टक्के आला होता, देवाची आण. पण तुम्ही कमेटीसमोर नाही म्हणालात. तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे माझाच कान गेला. असा माणूस दोरावर ठेवला तर उद्या कोणी मरेल. बरं झालं काढलं. बायकोला सांगून टाकलंय, आता इंदूर नाही.

सात दिवस हा माणूस कानात तेल घालून बसला होता. चार लोकांत मी एक वाक्य बोललो आणि त्यानं स्वतःचे कान खोटे धरले. त्याची बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला बहुतेक सगळं समजलं होतं.

मी चिठ्ठी काढली. त्यानं ती घेतली नाही. कमेटीची आहे म्हटल्यावरही नाही.

मी म्हणालो, "तुझे कान ठीक आहेत. मी म्हणालो होतो. खाली म्हणालो होतो. मला दुसरं काही सांगायचं होतं, पण शब्द तोच होता आणि आवाज माझा होता."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग आधी एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्या. दोन्ही मुठीत धरले.

म्हणाला, "फेर से बोलो."

मी पुन्हा सांगितलं. त्याची बायको दारातून पुढे आली होती, म्हणून तिलाही ऐकू जाईल असं सांगितलं.